उरेब

दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात
गळ्यांचे नमुने खिळ्याला टांगलेले:
पान, मटका, बोट, चौकोन,
मागे नाडीचा, पुढे खोल.
मी स्वतः तीन वर्षं बंद गळ्याची.
मे महिन्यातसुद्धा.

उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी
लालबागच्या पुलावर, स्कूटरवर,
पायाशी अस्तराचा तागा,
हवेतून एक रेघ आली.
दिसली नाही. नंतर कळलं, गुलाबी होती,
काच लावलेली.
कुठल्याशा गच्चीवर पोरं ओरडत होती, लपेट, लपेट!
मला वाटलं, मलाच.

जखम भरली. भरताना आवळली.
कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका ताठ वण,
ओढून शिवलेल्या टाक्यासारखा.
डावीकडचं गिऱ्हाईक बघायचं तर
अख्खी खुर्ची वळवायची.
वर बघणं सोडूनच दिलं,
वर आहे काय, असं म्हणत.

डॉक्टर रूपल मजमुदारांनी बोटानं वण दाबला,
पांढरा पडतो का पाहिलं.
मग सांगितलं, सावकाश, हातचं न राखता.
सुईनं औषध सोडलं तर मऊ होईल, पण लांबी तेवढीच.
लेझरनं लाली उतरेल.
घासून वरचा थर काढतात,
पण तुमचं दुखणं उंचवट्याचं नाही, ताणाचं.
मांडीची कातडी आणूनही लावता येते.
"ठिगळ?" मी विचारलं.
"ठिगळच. रंग जुळेलच असं नाही."
हे मला सांगायला नको.
एकाच ताग्यातले दोन तुकडे
चार धुण्यांत एकमेकांना ओळखत नाहीत.

मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीचा कागद घेतला.
मधोमध रेघ. रेघेच्या दोन्ही टोकांना तिरके काप.
झेड.
दोन त्रिकोण सुटे झाले,
त्यांची अदलाबदल केली, याचा तिकडे, त्याचा इकडे,
आणि रेघ होती त्या दिशेनं
कागद लांब झाला.
कागद तोच. बोटभर लांब.

"पुसणार नाही," त्या म्हणाल्या, "दिशा बदलू."

गोलाईला कात्रे दिल्याशिवाय
गळपट्टी उलटत नाही,
हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना रोज सांगते.
उभ्या धाग्यात कापड हट्टी,
उरेबात ऐकतं.
माझ्या मानेला हे लागू पडेल
असं मनातही आलं नव्हतं.

घरी उदय म्हणाला,
"कमी करायला गेलीस नि वाढवून घेणार?"
हिशेब बरोबर होता त्याचा.

टेबलावर जांभळ्या पेननं मानेवर खुणा झाल्या.
"माझा खडू निळा असतो," मी म्हटलं.
मास्कच्या वर डॉक्टरांचे डोळे हसले,
मग भूल.
टाके निघाले सातव्या दिवशी. मोजले, तेवीस.
सगळे एकसारखे, शेवटचा जरा सैल.
बोलले नाही.

अजून लाल आहे. रात्री सिलिकॉनची पट्टी,
दिवसा उन्हाला पदर,
वर्ष तरी जाईल म्हणतात.
वण आहे. आधीपेक्षा लांब आहे.
मान मात्र वळते, खुर्ची जागच्या जागी.

समोरच्या गच्चीतला ध्रुविन
त्या वर्षापासून पतंग उडवत नाही.
दोरा त्याचा नव्हता. पूल कुठे, ही गच्ची कुठे.
कुणी त्याला हे सांगितलं नसावं.
मीही नाही.

परवा शाळेचा शर्ट घेऊन आला, खाली बघत.
मग एकदम माझ्या गळ्याकडे.
"काकी, सिलाई वांकी आवी छे."

"वांकीच मागितली होती," म्हटलं.
आणि तुझी फिरकी पुलापर्यंत पोचत नाही रे,
हेही म्हटलं, सुईत दोरा ओवता ओवता.

बाही लांब करून हवी होती त्याला.
उसवली.
आत मुडपलेलं कापड निघालं दीड इंच,
न विटलेलं.
पुरेल, म्हटलं,
या वर्षापुरतं.