तपासनीस

जेलरोडच्या प्रेसमध्ये बावीस वर्षं
मी ओल्या शाईचे ताव उजेडावर धरले.
तार सरकली का, कडेचा आकडा पुसटला का,
आधी बोटाला कळायचं, मग डोळ्यांना.
अख्ख्या पाळीत
बाद करण्याजोगा एखादाच निघायचा.

मग एका मंगळवारी
डब्यात कालचं वांग्याचं भरीत होतं,
आणि मानेवर, पोटावर, कानांच्या पाळ्यांमागे
गांधी उठल्या.
सुमन खैरनार म्हणाली, "अगं, तावावर गांधी, अंगावर गांधी,
आता गेटवर तुझी दोनदा झडती!"
मीही हसले. खाजवत.

घरी पित्त ठरलं.
आमसुलं भिजवून चोळली, घोंगडी पांघरली.
पण पित्ताला एक कारण असतं,
मला कारणं मोजवेनात.
सोमवारी टोमॅटो बाधला,
बुधवारी तोच टोमॅटो मुकाट उतरला.
गार पाण्याचा तांब्या. रिक्षाचे हादरे.
लग्नातल्या कुणाचंसं अत्तर.
निफाडहून येताना द्राक्षबागेवर उडवलेलं गंधक.
एकदा नुसतं भांडण,
तेही शेजारच्यांचं,
आणि मी संडासाच्या दारात घामाने निथळत,
डोळ्यांपुढे अंधारी.

तपासण्या सगळ्या नॉर्मल.
"ताई, टेन्शन घेऊ नका."
तीन दवाखाने, तीन डॉक्टर,
वाक्य एकाच प्लेटवरून छापलेलं.
दिगंबर बोलायचा नाही काही,
पण एका रात्री विचारलंच त्याने,
"खरंच होतं ना गं तुला?"

कॅनडा कॉर्नरची डॉ. गांगुर्डे माझ्या लेकीच्या वयाची.
तिने चिठ्ठीच्या पाठीमागे एक गोल काढला,
आत ठिपकेच ठिपके.
ही मास्ट पेशी, म्हणाली. ठिपक्यांत दारू भरलेली.
परका घुसला की ती फोडायची, एवढंच हिचं काम.
"पण तुमच्या पेशी…"
"थांब," मी म्हटलं, "कळलं.
सगळेच ताव बाद करत सुटलेली तपासनीस."
ती पेन हातात धरून
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

पुरावा मात्र हवा होता.
झटका आला की चार तासांच्या आत रक्त,
नंतर खूण पुसली जाते.
आणि बरी असतानाचं एकदा,
शेजारी ठेवून बघायला.
आम्हीही ठेवायचो तसा नमुना ताव.

म्हणून मी वाट पाहिली.
ज्याला अडीच वर्षं भ्यायले
त्याची वाट.
आला तो शुक्रवारी संध्याकाळी,
द्वारकेला चारी बाजूंनी ट्रक अडकलेले असताना.
रिक्षात दिगंबर घड्याळ बघत होता,
मी हात बघत होते:
लाल आहेत ना अजून?
राहा रे, राहा थोडा वेळ.
आयुष्यात कधी असं मागणं मागितलं नव्हतं.

आकडा चढलेला निघाला. पुरेसा चढलेला.
रिपोर्ट मी सवयीने खिडकीशी नेला,
उजेडावर धरला.
दिगंबरने तो माझ्या हातातून घेतला,
घडी घातली,
आणि चष्मा पुसत बसला.

बरं होत नाही हे.
सांभाळायचं असतं.
आता सकाळ-संध्याकाळ गोळ्या,
शिळं काही नाही, आंबवलेलं काही नाही,
भात-दुधी, चुलीवरून थेट ताटात.
मिसळीच्या रविवारी
मी गॅलरीत बसते, वाऱ्याची दिशा बघून.
वरच्या मजल्यावरच्या बागूलबाईंनी
धूप लावणं बंद केलंय. न सांगता.
परवा जिन्यात भेटल्या,
आम्ही दोघी पाण्याच्या टाकीबद्दल बोललो.

निवृत्तीनंतरही कधी
मध्यरात्री जाग येते, तळहात तापलेले.
तेव्हा मी आतल्या बाईला सांगते,
अगं, पाळी कधीच संपली,
दिवे मालवलेत, कुलूप लागलंय.
ऐकत नाही.
उभीच असते ती,
माझंच एक पान उजेडावर धरून,
कुठे चुकलंय ते शोधत.