पुरावा जोडावा

घटक सहावा : पाणी आपल्यापर्यंत कसं येतं.
मी म्हटलं, लिहा, काढा, बोला, करून दाखवा,
ज्याला जसं जमेल तसं.
वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून :
"बाई, पण मार्क कशाला?"

सुयोगने चार पानं लिहिली, समासासकट.
मुबीनाने सलाइनच्या नळीतून
अख्खं खडकवासला खिडकीखाली सोडलं,
शिपाईकाका भिजले.

रेवती गायसमुद्रे हात हलवत आली.
म्हणाली, तुम्हालाच यावं लागेल. पहाटे.

जनता वसाहत, पर्वतीचा उतार, पावणेपाच.
लोखंडी पाइपाला कान लावून ती उकिडवी बसली,
मलाही बसवलं.
आधी नुसती हवा.
"खालच्या गल्लीचे नळ चालूयत अजून."
मग फुसफुस, मग एक खोकला.
"झाले बंद. आता चढेल."
बोटांवर मोजू लागली. सतरा, अठरा,
"बाई, कळशी सरकवा"
आणि एकोणीसला पाणी.

चढावर दाब कमी पडतो,
एवढं एकच वाक्य मी शिकवलं होतं,
तेही तास संपता संपता.

तक्त्यात तिच्या नावापुढे रकाना आहे :
पुरावा जोडावा.
माझा उजवा कान अजून गार आहे.