भट्टी क्रमांक तीन

फॉर्मवर एक चौकट होती: घटनेची तारीख.
क्लोडेटने पेन उचललं, ठेवलं.
कुठली लिहू, म्हणाली,
दिवा मागितला ती रात्र,
की तो उतरवला ती,
की त्यानंतरच्या सगळ्या, ज्यांत काहीच घडलं नाही?
चौकट बोटाच्या पेराएवढी.

बावीस वर्षं आम्ही दोघी बिडेफर्डच्या बेकरीत रात्रपाळीला.
पाव झाला की भट्टी शीळ घालते,
बारीक, उंच, डासासारखी.
आधी क्लोडेटच्या डाव्या कानातून ती शीळ गेली,
मग उजव्या.
बाकी सगळं तिला कळायचं.
पीठ फुगलं की नाही ते तळव्याला,
माझं बिनसलंय ते माझ्या खांद्यांवरून.
शीळ तेवढी नाही.

मागितलं काय तिने? एक दिवा.
शीळ वाजेल तेव्हा पेटणारा.
शेवटी स्वतःच घेऊन आली, चौदा डॉलर, पावती जपून,
वायरमन भाच्याने, रेमीने, जोडून दिला.
नऊ रात्री तो पेटला.
नऊ रात्री एक पाव करपला नाही.
दहाव्या रात्री हॅस्केलने शिडी लावली.
म्हणाला, कंपनीच्या वायरिंगला बाहेरचा हात नको.
म्हणाला, वर विचारतो.
वर म्हणजे कुठे
ते बावीस वर्षांत आम्हाला कळलं नव्हतं.

मग चाळीस ट्रे कोळसा.
मग ताकीद, आणखी एक ताकीद,
मग पत्र, तिच्या आडनावात चूक असलेलं.

राज्याचा कायदा तिच्या बाजूने आहे म्हणतात.
त्यात ‘वाजवी सोय’ असे शब्द आहेत.
ते तिने पाककृतींच्या वहीत उतरवून घेतले,
सफरचंदाच्या पायखाली.

ऑगस्टाहून, आयोगातून, तपास अधिकारी बाईंनी
फोन केला.
फोन!
आम्ही हसलो, पोट दुखेपर्यंत.
मग मी तो कानाला लावला,
तिच्यासाठी ऐकत, वहीवर प्रश्न लिहीत गेले.
शेवटचा लिहिला नाही.
तो मला होता.
तुम्ही होतात का त्या रात्री तिथे?

माझ्या मुलाचं इन्शुलिन कंपनीच्या विम्यावर येतं.
मी म्हटलं, यंत्रांचा गोंगाट असतो हो,
नीट आठवत नाही.
ज्यांचे कान शाबूत
त्यांनीच ते दोन्ही हातांनी झाकावेत,
ही पण एक सोय. वाजवीच.

क्लोडेट समोर बसून माझ्या ओठांकडे बघत होती.
ओठ वाचते ती.
विसरलेच होते मी.
बोलली काही नाही.
कॉफी ओतली, माझ्या कपात आधी.

कंपनीचं उत्तर आलं, अकरा पानी.
पान चार: असा कोणताही दिवा
बसवला गेल्याची नोंद आढळत नाही.

तो माझ्याकडे आहे.
त्या रात्री कचऱ्यातून काढला, का ते विचारू नका,
ॲप्रनात गुंडाळून घरी आणला.
दोनशे एकसष्ट दिवस
ओट्याखाली, बटाट्यांच्या मागे.
काचेवर मैद्याची बोटं आहेत,
त्याची की तिची कोण सांगणार.

आज पाळी संपल्यावर झोपले नाही.
दिवा टॉवेलात बांधून शेजारच्या सीटवर ठेवला,
त्याला पट्टाही लावला, वेड्यासारखा.
रस्त्यावर बर्फ. पुढे मीठ टाकणारा ट्रक,
त्याला ओलांडता येत नाही,
आणि खरं सांगायचं तर मला ओलांडायचंही नव्हतं.
तिथे काय बोलायचं ते जुळवत होते.
विमा. हॅस्केल. शिडी. माझा खोटेपणा.
जुळत नव्हतं काही.

तारीख मात्र मला पाठ आहे.
माझ्या मुलाचा वाढदिवस होता.
क्लोडेटने त्याच्यासाठी, साखर न घालता,
दालचिनीचा एक पाव मळला होता, वेगळा,
त्यावर सुरीच्या टोकाने त्याचं नाव.
दिवा उतरवल्यावर
तिसऱ्या भट्टीत
पहिला तोच करपला.