माणशी अडुसष्ट

लॅमिंग्टन रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
खाली केबलची वेटोळी, सोल्डरचा वास,
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिते मी.
आमच्या इमारतीची लिफ्ट
गणपतीपासून बंद आहे.

चारशे बारा लिफ्ट माझ्या हवाली.
प्रत्येकीचा पत्ता, दोराची तारीख,
ग्रीस कधी घातलं, कुठल्या मजल्याशी अडखळते,
हे जिचं तिचं.
पण सहा माणसं, चारशे आठ किलो,
ती पितळी पाटी
मी एकीच्याही पदरात घातली नाही.
माणशी अडुसष्ट, ते वर्गाचं.
आधी स्टॅटिक, मग गेट, मग नाव,
आणि आत एकच ओळ.

निहार नवा आहे.
माझगावच्या एका लिफ्टला विचारत बसला दीड तास,
माणशी किती गं तुझं?
अनडिफाइन्ड.
चहा पिऊन आला, पुन्हा विचारलं.
अनडिफाइन्ड.
म्हटलं, अरे, सातवी ब चा पट
कुठल्या पोराच्या दप्तरात असतो का?
वर्गाला विचार.
आणि पोरालाच सांगायला लावायचं असेल
तर त्याला त्याच्या घडवणाऱ्याच्या दारात पाठव.

खरी गाठ पडली शुक्रवारी.
लिफ्टची फाइल इमारतीला बोलावते,
महिरपी कंसात, नावानिशी, पुढे जेएसचं शेपूट लावून.
इमारतीची फाइल लिफ्टला बोलावते,
तितक्याच अदबीनं.
दोघी आपापल्या उंबऱ्यावर.
तू आधी हो. छे, तू आधी.
पडदा लाल:
जन्माआधी हात लावता येणार नाही.

तांडेल मिस्त्री बिलावर सही घ्यायला आले होते.
चौतीस वर्षं शाफ्टच्या अंधारात,
नखांत काळं कायमचं.
काय अडलंय, म्हणाले.
मी सांगितलं, जमेल तसं.
त्यांनी चष्मा पुसला, लाल ओळीकडे पाहिलं,
एक अक्षर न वाचता म्हणाले,
"जाळी लागायच्या आत बटण दाबतेस तू.
आधी जाळी लागू दे गो.
मग इचार."

ओळ पाहिली.
मी बरोबरचं चिन्ह देऊन
मूल्य तिथल्या तिथे मागत होते,
इमारत उभी राहायच्या आत.
चिन्ह पुसलं. गेट लिहिलं.
आता ती आपणहून काही बोलत नाही.
दोन्ही फाइली निवांत जन्माला येतात,
आणि कोणी विचारलं की मगच
उत्तर उठतं, आत जाऊन बघून येतं, सांगतं,
विसरून जातं.
पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून.

लाल गेलं तसं मी सहज विचारलं,
मिस्त्री, हे अडुसष्ट कोणी ठरवलं?
"जेवून आलेल्या कोणीतरी."
तुमचं किती?
"कधीचं इचारतेस?
ही होती तेव्हा एकाहत्तर."
मग थोडं थांबून,
"आत्ताचं बघाया लागंल."

चाचणीची लोखंडी वजनं जोखायचा काटा
आमच्या कोपऱ्यात असतो, वर छत्र्या टाकलेल्या.
त्यांनी छत्र्या काढल्या, चपला काढल्या,
खिशातला पाना काढून निहारच्या हातात दिला,
आणि उभे राहिले.
एकावन्न, त्यांनीच वाचलं,
दुसऱ्या कोणाचं वाचावं तसं.
निहार पाना धरून तसाच.

बिल घेऊन ते जिन्यानं उतरले.
दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली जराशी,
मग पुढे गेली.

मी पुन्हा कोड उघडला.
अडुसष्टवर कर्सर नेला, उगाच.
ते आकडे इथले नाहीत.
दुसऱ्या फाइलीतून आणलेलं नाव आहे ते,
वाचता येतं,
इथून बदलता येत नाही.