बुडाशी

गेल्या ऑक्टोबरात जाळी ओढून परतताना
आवाज बदलला.
रोजचा तो घोट घोट थांबून
कोरडी घरघर लागली,
आणि मी सुकाणू सोडून वाकले तेव्हा
पंप आडवा पडला होता, वारा पीत,
पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत.

घरून सुपाचं भांडं आणलं होतं, मासे ठेवायला.
त्यानंच उपसलं.
किती वेळ, ते विचारू नका.
दीपगृह जागचं हललं नाही
आणि मीही.

हिऊमा बेटावर हिवाळा
जेवून झाल्यावरही उठत नाही.
एप्रिलात एकदाची होडी घोड्यांवर चढवली,
आतल्या फळ्या काढल्या, तळ दिसला:
डिझेलचा तवंग, खवले,
केसांची एक पिन, जी माझी नाही.
(होडी मी घेतली तेव्हाच तिचं बरंच काही होऊन गेलं होतं.)
पंपाच्या बैठकीला चार मळसूत्रं.
तीन निसटलेली, चौथं नावापुरतं.
लाकूड नखानं उकरलं, नखात आलं.

शेजारचा हेल्दुर कुंपणावर कोपर टेकून:
"आरपार भोक पाड, वाइके, खालून बोल्ट घाल.
जन्मात हलणार नाही."
हेल्दुरच्या दोन होड्या आजही हलत नाहीत,
समुद्राच्या तळाशी आहेत.
बुडाला भोक पाडलं
की बूड बुडायला शिकतं.
हे मी त्याला म्हटलं नाही. कॉफी दिली.

मग ओकचा एक ठोकळा,
लोण्याच्या वडीएवढा.
तळाला बाक, ठोकळा सरळ.
तळावर खडू फासायचा, ठोकळा टेकवायचा, उचलायचा,
जिथे पांढरं उमटलं तेवढंच घासायचं,
पुन्हा टेकवायचा.
हे कुणी शिकवलं नाही मला,
दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून
पाहत होते.

दोन संध्याकाळी गेल्या.
तिसऱ्या दिवशी ठोकळा बसला,
बसला म्हणजे असा, की उचलायला जीव होईना.

इपॉक्सीत भुसा कालवला, पावाच्या कणकेइतका घट्ट,
वर वजन म्हणून काकड्यांची बरणी.
थंडीत इपॉक्सी रुसतं.
म्हणून गरम पाण्याची पिशवी
तीन रात्री माझ्या पायांशी नव्हती.

ड्रिलच्या टोकाला लाल पट्टी, अठरा मिलिमीटरवर.
ठोकळा बावीसचा.
उरले चार, खाली फळी,
फळीखाली उन्हाळ्यात समुद्र.
नातीला सांगितलं, पिरेत,
लाल लाकडाला टेकलं की ओरड.
ती अर्ध्यातच ओरडली.
चारही वेळा.

भोकांत आधी चिकटा, मग आखूड, न गंजणारी मळसूत्रं,
हातानंच पिळली. यंत्र जोर लावतं,
आणि जोरानंच तर मागची गेली.
वायरचे सांधे वर घेतले, कडेशी,
जिथे पाणी पोचलं तर
वायरची काळजी करायला मी नसेन.

मग पिरेतनं दोन बादल्या पाणी
होडीत ओतलं, मोठ्या आनंदानं,
एरवी यासाठी ओरडा बसतो.
तरंगता खटका उचलला गेला,
पंपानं आवंढा गिळला,
आणि होडीच्या कुशीतून गवतावर
धार.
पंपावर हात ठेवला. थरथर होती,
पण जागच्या जागी,
गाणाऱ्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तशी.

मेमध्ये होडी पाण्यात.
हेल्दुर म्हणाला, एवढं सगळं केलंस,
मग बाकाखाली ते भांडं कशाला?

मी दोर सोडला.

घरी आता सूप लहान भांड्यात होतं.
पिरेतला पुरत नाही.