वरचा मजला

खाली तूर भरडतात, वर आम्ही बसतो,
उदगीरच्या मोंढ्यात, मन्मथअप्पा हुडग्यांच्या दालमिलवर.
पोत्यांची थप्पी लागायची तिथं आता छप्पन्न संगणक.
की-बोर्डच्या फटीत अजून पिवळी पूड बसते,
शनिवारी ब्रशनं झाडायची, असा कागद भिंतीला चिकटवलाय
पगाराच्या तारखेशेजारी.

काम असं :
परमुलखातल्या रस्त्यांचे फोटो येतात,
गाडीच्या टपावरून काढलेले.
माणसाला लाल चौकोन, सायकलीला हिरवा, कुत्र्याला निळा.
घट्ट ओढायचा, सावली बाहेर ठेवायची.
चौकोनाला चाळीस पैसे.
बिनड्रायव्हरची गाडी शिकते म्हणे यातून,
कुणासाठी थांबावं.

मंगळवारी पाहुणे आले. पैसा घालणारे.
हैदराबादपर्यंत विमान, पुढं बिदरवरून गाडी,
उतरले तेव्हा कमरेला हात.
अप्पांनी जिना धुऊन घेतला होता,
मिल बंद ठेवली होती दिवसभर,
त्यामुळे मजला इतका गप्प, की आम्हालाच परका वाटला.

पाहुण्यानं विचारलं, वर्षाला किती जण सोडून जातात?
अप्पा म्हणाले, लग्नाच्या तिथींवर आहे.
तहसीननं त्याचं इंग्रजीत काय केलं कोण जाणे,
त्यानं वहीत टक्के लिहिले.
वीज गेली तर? चुका शेकडा किती?
पाच वर्षांत, अशा किती गावांत, असे किती मजले?
अप्पा ऐकत राहिले. मग त्यांना मोंढा आठवला असावा.
खिशातली दस्ती काढली, पाहुण्याच्या हातावर टाकली
आणि खालून बोटं धरली त्याची,
तुरीचा भाव बापानं धरला असेल तशी.
दोन बोटं. वर अर्धं पेर.
पाहुणा हसला. त्याला वाटलं स्वागत करतायत.
त्यानं अख्खा पंजा दाबला.
म्हणजे पाच.
पाच काय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

निघताना तो माझ्या खुर्चीमागं थांबला.
पडद्यावर त्याचंच शहर होतं.
तुला काही विचारायचंय का, असं विचारतोय, तहसीन म्हणाली.
म्हटलं, हो, विचार :
ट्राम वळते तिथं पावाचं दुकान आहे, निळ्या शटरचं.
तिथं एक म्हातारा असायचा, पांढरं कुत्रं घेऊन.
तोंड पुसूनच पाठवतात, पण डावा खांदा पडलेला,
लांबूनही ओळखू यायचा.
संक्रांतीपासून त्याला चौकोन घालत होते,
दोनशे तरी घातले असतील.
होळीनंतर दिसला नाही.
बरा आहे का तो?

तहसीन माझ्याकडं बघत राहिली. मग बोलली, बरंच बोलली.
पाहुण्यानं चष्मा पुसला, पडद्यापाशी वाकला.
म्हणाला, सहा वर्षं या वळणावरून ऑफिसला जातो.
असा कुणी बघितल्याचं आठवत नाही.
वहीत त्यानं काही लिहिलं नाही.

पैसा आला, श्रावणात. तीस खुर्च्या वाढल्या, एसी बसला.
मागोमाग पत्र, की चौकोनाला आता सदतीस पैसे.
"कामून कमी? काम तर वाढू लालंय की,"
अप्पा दोनदा म्हणाले. तहसीननं दोनदा समजावलं.
मी त्या दिवशी जुना हिशेब केला :
दोनशे चौकोन, चाळीस पैशांनी, ऐंशी रुपये.
एवढे कमावले मी त्या म्हाताऱ्यावर.
एका दुपारचा भाजीपाला, नि थोडे उरले असतील.

परवा कुत्रं दिसलं. तेच, कानावर डाग असलेलं.
दोरी एका बाईच्या हातात.
बाईला लाल घातला, कुत्र्याला निळा.
दोरीसाठी यादीत रंग नाही,
तपासलं मी, दोनदा खालपर्यंत जाऊन.
तेवढ्यात खाली मिल सुरू झाली,
टेबल थरथरलं, निळ्याची कड शेपटीवरून सरकली.
पुन्हा ओढून घेतली.
पुढचा फोटो.