चिखलाचा पंचनामा

दार फोडलं नव्हतं. काच तेवढी कापली होती, बशीएवढी गोल,
आणि तो गोल तुकडा चोरांनी खिडकीच्या कट्ट्यावर
नीट ठेवून दिला होता,
कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून असावं.

मी वही उघडली. म्हटलं, काय काय गेलं ते सांगा.
खेरोल्फ वान्डेकेर्कहोवे, वय एक्याऐंशी, निवृत्त पोस्टमन,
एका पायात सपाता, दुसरा अनवाणी,
म्हणाले, सुरुवात कुठून करू?
म्हटलं, डावीकडून.

डावीकडच्या भिंतीवर नुसते खिळे.
प्रत्येक खिळ्याखाली वॉलपेपरचा जुना, न उडालेला रंग,
जर्सीच्या मापाचा. खांदे. बाह्या.
जणू तेवीस माणसं
पाठमोरी भिंतीत शिरून गेली.

पहिली, निळी, लोकरीची. किंमत?
ते म्हणाले, हा गडी उतारावर ब्रेकला हात लावायचा नाही,
घरी मात्र जिना धरून उतरायचा.
मी लिहिलं: निळी, एक.
मग पाठीवरचा कापडी क्रमांक, एकशे चार. किंमत?
म्हणाले, टाचण्या त्याच्या आईच्या होत्या.
मी लिहिलं: क्रमांक, एक. टाचण्या, चार.

मला सायकल शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही.
मी गेंटची. एप्रिलच्या रविवारी मला दोरीपाशी उभं करतात,
मी गर्दी बघते, पाठ असते माझी शर्यतीकडे,
आणि एक वारा अंगावरून जातो, बस, संपलं.
‘अंदाजे मूल्य’ हा रकाना
रात्री साडेनऊपर्यंत मी कोराच ठेवला.

नवव्या खिळ्याशी ते थांबले.
ओमेर, ते म्हणाले. आडनाव सांगितलं नाही.
गारांचा पाऊस, रस्ते दगडांचे, दगडांवर शेतातला गाळ,
आणि ओमेर सगळ्यात शेवटी आला,
बक्षिसांचं टेबल घडी करून गाडीत टाकल्यावर.
थांबलेलं होतं ते एकटं चौदा वर्षांचं पोरगं, थर्मास घेऊन.
कॉफी प्यायला, जर्सी डोक्यावरून ओढून काढली, म्हणाला,
धुऊ नकोस रे. नाहीतर उद्या म्हणतील, मी पोचलोच नव्हतो.

त्या जर्सीवरून या घरात अकरा दिवस अबोला होता.
रेगिनाने ती टबात घातली होती, पाणी सोडायचं बाकी,
यांनी हिसकावली. बाराव्या दिवशी तिने
फाटलेलं कोपर रफू करून दिलं,
हिरव्या दोऱ्याने, मुद्दाम.
रेगिना जाऊन चार वर्षं झाली.
मी लिहिलं: जर्सी, तपकिरी, एक.

सहा आठवड्यांनी सीमेपलीकडून फोन आला.
लीलमधलं एक लिलावघर, लॉट दोनशे बारा.
बाकीच्या बावीस कुठे गेल्या, आजही ठाऊक नाही.
ही एकच मिळाली. वर्णनात लिहिलेलं:
उत्तम स्थिती, स्वच्छ.

मीच नेऊन दिली. त्यांनी कागद उलगडला.
पिवळी. इतकी पिवळी
की आम्ही दोघंही क्षणभर गप्प.
लॅव्हेंडरचा वास. कुणीतरी कोमट पाण्यात, हलक्या हाताने,
प्रेमानेच म्हणायचं, धुतली होती.
त्यांनी कोपर चाचपलं. हिरवा दोरा होता.

मी रुमाल शोधू लागले.
तर म्हातारा हसला. खोकला येईपर्यंत हसला.
रेगिना, म्हणाला, जिंकलीस बघ.
मग बराच वेळ काहीच नाही. मग मला विचारलं,
यादीत चिखल लिहिला होतात का तुम्ही?

मी पानं उलटली. नव्हता.

साहेब म्हणाले, त्या जर्सीचं मिटलं ना, करा नोंद.
मी नोंद केली: जर्सी, पिवळी, एक, मालकास परत.
आणि त्याखाली, जिथे खरं तर सही असते तिथे:
चिखल, सदुसष्ट वर्षांचा, अंगावरचा.
तपास चालू.